बावड्याचा फिरता मुकुट

मी एक जुना मुकुट आहे. मित्रांनो, मुकुट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सिंहासन आलं असेल, तर ते आधी बाजूला सारा. मी पितळी पत्र्याचा आहे. वर चांदीचा मुलामा होता, तो आता कडेकडेनेच उरला आहे. खडे काचेचे, त्यातले काही गळून गेले. मी आयुष्यात एकाच मुलीच्या डोक्यावर बसलो, आणि माझी गोष्ट खरं तर माझी नाहीच. पण आत्मवृत्तात आधी जन्म सांगावा लागतो, तो सांगतो.

माझा जन्म

कोल्हापुरात गुजरीमागच्या एका बोळात जोतीराम नावाचा कारागीर गौरी-गणपतींचे दागिने घडवायचा. १९९९ च्या श्रावणात त्याच्याकडे कसबा बावड्याहून सयाजी आले. ते तिथल्या एका तालीम मंडळाचे अध्यक्ष. यंदा गणपतीत बायकांसाठीही काही करायचं म्हणून मंडळाने सौंदर्य स्पर्धा ठरवली होती, आणि तिला मुकुट लागतो हे सयाजींनी टीव्हीवर पाहिलं होतं.

जोतीरामने विचारलं, "मूर्ती केवढी?"

"मूर्ती न्हाय, पोरगी हाय."

"बरं. उभी का बसलेली?"

सयाजी विचारात पडले. "उभीच असंल की."

जोतीरामकडे उभ्या गौरीचा साचा होता. मी त्यावर घडलो. कपाळाला अरुंद, वर नागाचा फणा, आणि मागे दोरा ओवून बांधायला दोन भोकं. गौर मान हलवत नाही, त्यामुळे माझ्या वजनाचा विचार कुणी केला नाही.

माझे वैभवाचे दिवस

त्या मंडळाला दोनच गोष्टी येत होत्या, कुस्ती आणि फुटबॉल. त्यामुळे सौंदर्य स्पर्धाही मैदानासारखीच झाली. हलगी वाजली. मुलींची नावं गावासकट पुकारली. बक्षिसं जाहीर झाली ती अशी : पहिल्या नंबराला मुकुट, फेटा आणि खुराक म्हणून तुपाचा डबा. मुकुट फिरता. सलग तीन वर्षं जिंकेल तिच्याकडे कायमचा, नाहीतर पुढच्या वर्षी मंडळाला परत. चषक फिरता असतो, गदा फिरती असते, मग मुकुट का नको? यात काही चमत्कारिक आहे असं एकाही माणसाला वाटलं नाही.

दुसऱ्या नंबराला एका पुस्तकवाल्याने इंग्रजी कादंबऱ्यांचा गठ्ठा दिला होता. तरुण मुलामुलींसाठी लिहिलेल्या, काळ्या वेष्टनाच्या, रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरच्या. दुकानात त्या खपत नव्हत्या, हे त्याने मंचावरच प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

पहिली आली सोनम. दुसरी आली तिची मावसबहीण निशा. दोघी शेजारी राहायच्या. सोनमला ओढून स्पर्धेत आणली होती निशानेच.

घरी आल्यावर बक्षिसांवर मतं पडली. सोनमचे वडील धम्मपाल एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते म्हणाले, आपण देवदेवता मानत नाही, देवीचा मुकुट फोटोंच्या भिंतीला नको, दारामागच्या खिळ्याला लावा. आई तानाबाईने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "ह्याचं काय करायचं? कुळीथ पाखडाय पण यायचा न्हाय. तूप तेवढं झ्याक दिलंय."

निशा म्हणाली, "गौरीचा हाय ह्यो. सोनम, तुझं आता विसर्जनच."

सोनम सगळ्यांत जोरात हसली. तिच्या कपाळावर माझ्या कडेचा लाल वळ उठला होता.

दुपारी

दारामागे टांगलेल्या वस्तूला एक फायदा असतो. घरातलं सगळं ऐकू येतं.

निशाचं इंग्रजी चांगलं होतं. दुपारी ती कादंबरी घेऊन यायची आणि मराठीत सांगायची. तानाबाई मेथी निवडत ऐकायची, सोनम जमिनीवर पालथी पडून. मित्रांनो, या कादंबऱ्यांवरची इतकी परखड मतं मोठमोठ्या परीक्षकांनीही दिली नसतील.

"दीडशे वर्साचा हाय म्हणतीस, आन् पोरीच्या मागं फिरतोय?" तानाबाई विचारायची. "त्याला नातवंडं न्हाईत व्हय?"

सोनमचं मत असं, की या पोरी जेवत कधी नाहीत आणि भांडी कधी घासत नाहीत. तो म्हणतो मी तुझा जीव घेईन, आणि ही विरघळते. आपल्या चौकात असा कोण उभा राहिला असता, तर चप्पल काढली असती.

निशा दोघींचं ऐकून घ्यायची. एके दुपारी ती कादंबरी न आणताच आली आणि म्हणाली, आज माझा व्हॅम्पायर सांगते.

*तो बावड्यात आला तेव्हा साखर कारखान्याचं धुराडं पेटलं होतं. उन्हाने त्याचं अंग जळायचं, म्हणून त्याने कायमची रात्रपाळी मागून घेतली. मुकादमाला असा माणूस जन्मात मिळाला नव्हता.*

तानाबाईचे हात मेथीवर थांबले. "रक्त पीत न्हाय व्हय?"

"पितो. पण त्याला लाज वाटती."

*त्याला कुठे जेवता येईना. आमटीत लसूण, चटणीत लसूण, खर्ड्यात लसूण. खानावळीच्या दारातून तो परत फिरायचा. एका पोरीने ते पाहिलं.*

*तिने लसणाशिवाय खर्डा केला. आईने चव घेतली आणि विचारलं, कुणासाठी?*

हिवाळाभर ही गोष्ट चालली. सोनम चेष्टा करायची, व्हॅम्पायरला कारखान्याचा बोनस मिळतो का विचारायची. पण दुपार झाली की उंबऱ्यात येऊन निशाच्या दाराकडे बघायची. निशाला यायला उशीर झाला तर एकटीच चिडायची. मी हे रोज बघत होतो. निशाला ते दिसत नव्हतं, कारण ती येईपर्यंत सोनम पुन्हा पालथी पडलेली असायची.

*हंगाम संपत आला. फडातला ऊस संपला की रात्रपाळी बंद. उसाची शेवटची मोळी गाळली, त्या रात्री त्याने तिला सांगितलं*

इथे निशा थांबली. उद्या सांगते म्हणाली.

कौतुक

दुसऱ्या दिवशी तालमीच्या पटांगणात महिला मेळावा होता. एव्हाना सोनमला बोलावणी यायला लागली होती. एसटीडी बूथचं उद्घाटन, हळदीकुंकू, कुस्त्यांचं मैदान. प्रत्येक वेळी माझा दोरा मागून बांधायची ती निशाच. केस ओढले जाऊ नयेत म्हणून ती दोऱ्याखाली कापसाची पट्टी ठेवायची.

त्या दिवशीही तिने दोरा बांधला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली.

सोनमच्या हातात माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाले. सोनमकडे दोन शब्द नव्हते. समोर सगळी गल्ली बसली होती आणि कुणीतरी खोकलं. तिला घाम फुटला, तो माझ्या कडेपर्यंत आला. तेव्हा तिने हाताला लागलं ते उचललं.

"आमच्यात एक लेखिका हाय," ती म्हणाली. "ती हितंच बसलीय बघा. तिचा राक्षस लसणीला भितोय, आन् आपल्या कारखान्यात रात्रपाळी करतोय."

पटांगण हसलं. सोनमला धीर आला. तिने मुकादम सांगितला, खानावळ सांगितली. हसू वाढत गेलं. मग तिने लसणाशिवायचा खर्डा सांगितला, आणि बायका डोळे पुसत हसल्या.

निशाही हसत होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्यावर ती दुसरं काय करणार होती?

मला खूप टाळ्या पडल्या, मित्रांनो. कौतुक म्हणतात ते हेच असेल.

हा भाग लहान आहे

निशा भांडली नाही. गल्लीतली पोरं तिला लसूण म्हणू लागली, तरी भांडली नाही. दुपारी ती येईनाशी झाली. सोनमने काही दिवस वाट पाहिली आणि एकदा उंबऱ्यातूनच विचारलं, "पुढं काय झालं गं त्याचं?"

"काय न्हाय," निशा म्हणाली. "हंगाम संपला."

जूनमध्ये ती डी.एड.ला गडहिंग्लजला गेली. त्या दोघींचं भांडण झालं असतं, तर कधीतरी मिटलंही असतं.

परत जाण्याचा दिवस

पुढच्या गणपतीत मला मंडळाकडे परत करायचं होतं. सोनमने मनात ठरवलं होतं की त्याच मंचावर, त्याच माइकवरून सगळ्या गल्लीसमोर खरं काय ते सांगायचं. पण मंडळाने त्या वर्षी पुन्हा कुस्त्याच घेतल्या. ती मला पिशवीत घालून सयाजींकडे गेली, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. आता मी कुणाला घालू?"

सोनम घरी आली नाही. तशीच मध्यवर्ती स्टँडवर गेली आणि गडहिंग्लजच्या गाडीत बसली. मी मांडीवर, पिशवीत.

निशाच्या वसतिगृहाच्या पायरीवर दोघी बसल्या. निशाने आधी तानाबाईची चौकशी केली, मग मेसच्या जेवणाची तक्रार केली. सोनम सगळ्याला मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "मेळाव्यात बोललो ते माझं मत नव्हतं."

"ठाऊक हाय मला."

"मला गोष्ट आवडलीती. रोज वाट बघायचो तुझी."

निशा पायरीवरची माती बोटाने सरकवत राहिली. "हे तू एकदा पण बोलली न्हाईस, सोनम. चेष्टा तेवढी बोललीस. त्या गठ्ठ्यातल्या पुस्तकांवर काय पण बोल, त्यांना काय हुतंय? ती छापून झालीती. माझं अजून चाललंतं."

सोनम रडली. निशाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, अगदी पहिल्यासारखा. थोड्या वेळाने सोनमने विचारलं, "शेवटच्या मोळीच्या रात्री तो तिला काय सांगतो?"

निशाने खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या, समोरच्या झाडाकडे पाहिलं. तिला आठवायचं होतं, हे मला पिशवीच्या उघड्या तोंडातूनही दिसत होतं.

"न्हाय आठवत गं," ती म्हणाली.

आता

आता २००९ साल चालू आहे. निशा गडहिंग्लजकडे एका शाळेत शिकवते. दिवाळीत येते, सोनमच्या पोराला खाऊ आणते. दोघी बोलतात, हसतातही. गोष्टीचा विषय कुणी काढत नाही.

मी आता सोनमच्या सासरी कपाटावर आहे. माझ्यावर धूळ आहे. आत्मवृत्तात इथे दुर्लक्षाची तक्रार करायची पद्धत आहे. ती मी करत नाही. पत्र्याला घासून पुन्हा चकाकी येते.

त्या व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांचे मात्र दिवस पालटले. तेव्हा कुणी घेत नव्हतं, आता कॉलेजच्या प्रत्येक मुलीच्या हातात एक असते. सोनम वाचनालयातून एकेक घेऊन येते. तिचं इंग्रजी तोकडं, तरी शब्दकोश घेऊन बसते. पोर विचारतं, आई, चांगलं आहे का? ती पान उलटते. महाल येतात, जंगलं येतात, सुंदर मुलं येतात. कुणालाही कामाला जायचं नसतं, आणि कुणी कुणासाठी भाकरी बांधत नाही. शेवटचं पान झालं की ती पुस्तक मिटते आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणते.

मित्रांनो, मला पुसा अथवा पुसू नका. पण तुमच्या घरी कुणी दुपारचं येऊन आपली अर्धीमुर्धी गोष्ट, चित्र, गाणं तुमच्यापुढे ठेवलं, तर ते जपून हातात घ्या. त्यातलं काय चुकलं ते सावकाश सांगता येईल. आवडलं असेल, तर ते मात्र त्याच दुपारी सांगा.