उशाशी बोलणारा

त्या भागात त्याला सगळे कॅमेरेवालाच म्हणायचे. एका शटरचं दुकान, आत वायरींची भेंडोळी, भिंतीला टेकवलेली शिडी, रिकामी खोकी, आणि काउंटरवर एक पडदा, ज्यात समोरचा रस्ता दिसत राहायचा. बोलायला तो गोड होता. "तुम्ही खुशाल झोपा, तुमचा एक डोळा मी उघडा ठेवतो," असं म्हणून गिऱ्हाईक गुंडाळायचा. हाताला सफाईही तशीच. भिंतीला भोक पाडलं तरी रंगाचा टवका उडायचा नाही.

खोड एकच. सगळ्या गिऱ्हाइकांना तो एकच पासवर्ड टाकून द्यायचा, दुकानाचं नाव आणि पुढे सरळसोट आकडे. "नंतर बदलून घ्या हं," असं जाताजाता म्हणायचा आणि कुणी बदलायचं नाही. कुणी विसरलंच तर याला फोन करायचं, याला तोंडपाठ.

त्याची धाकटी बहीण एका मोठ्या कंपनीत माहिती सुरक्षित ठेवण्याचंच काम करायची. ती घरी आली की त्याचे कान उपटायची.

"दादा, अख्ख्या गावाला एकच किल्ली?"

"किल्ली माझ्याचकडे आहे ना."

"आणि एन्क्रिप्शन का बंद ठेवतोस सगळीकडे?"

"अगं, ते चालू केलं की जुन्या फोनवर चित्र अडखळतं. मग गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करतं."

"चित्र पाकिटात न घालता उघडं पाठवतोयस तू. वाटेतला कुणीही बघेल."

"बघू दे की. बेकरीवाल्याचे पाव कोण बघत बसणार आहे?"

तो हसायचा आणि ती हात टेकायची.

त्या वर्षी त्यांची आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं राहिलं. मागच्या खोलीत, खिडकीशी तिचा पलंग लावला. सकाळी एक बाई येऊन तिचं आंघोळपाणी करून जायची. बायको शाळेत शिकवायची, ती येईपर्यंत आई एकटी. म्हणून त्यानं तिच्या उशाशी, फळीवर, एक कॅमेरा ठेवला. मान फिरवणारा, ऐकणारा आणि बोलणाराही. इतका खूश झाला होता स्वतःवर.

"आई, यातून मी तुझ्याशी बोलणार. कुठेही असलो तरी."

"बोल बाबा," आई म्हणाली होती.

पहिले काही दिवस तो शिडीवर उभा राहूनही बोलला. पाणी प्यालीस का, पाय दुखतोय का. मग कामं वाढली. मग नुसतं बघायचा, आई झोपलेली दिसली की फोन खिशात. मग तेही राहून जायला लागलं.

एका दुपारी एका दवाखान्यातलं काम ऐनवेळी रद्द झालं आणि तो जेवायला घरी आला. किल्लीनं दार उघडलं तर आतून आईचं हसणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. शेजारीण आली असेल, असं वाटून तो चपला काढायला वाकला.

"मग? मग बाबांनी काय केलं?"

पुरुषाचा आवाज. वाकलेला तो तसाच राहिला.

"काय करणार! ओल्याच बुटांनी गेले ऑफिसात. दिवसभर पचक पचक आवाज," आई म्हणाली आणि पुन्हा हसली.

तोही हसला. तो जो कोण होता तो.

कॅमेरेवाल्यानं खिशाला हात लावला. फोन खिशातच होता. कॅमेऱ्याचं ॲप दुसऱ्या कुणाच्या फोनवर नव्हतं, बायकोच्याही नाही. आणि कोणीतरी त्याच्या बापाला बाबा म्हणत होतं.

"आई, दुपारची गोळी राहिली ना? ती पांढरी."

"घेते रे. रोज काय आठवण करायची!"

तो भिंतीला धरून खोलीच्या दारापर्यंत गेला. आई उशीला टेकून बसली होती, तोंड कॅमेऱ्याकडे, हातात गोळी. त्याच्या पायाला स्टूल लागलं. बारीक घरघर करत कॅमेऱ्यानं मान वळवली. भिंतीवरून, कपाटावरून, दारावर येऊन ती काच त्याच्यावर थांबली.

मग त्याच निवांत आवाजात कॅमेरा म्हणाला, "अरे, आज लवकर आलास?"

त्यानं झेप घेऊन वायर ओढली. सॉकेट निघालं, सॉकेटबरोबर भिंतीचा भलामोठा पोपडा निघाला. कॅमेरा पलंगावर, आईच्या पायाशी, पडला. आईनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे.

"तू इथे," ती म्हणाली. "मग तो कोण?"

आईच्या हातातली गोळी चादरीवर पडली.

"कधीपासून बोलतोय तो?" त्यानं विचारलं.

"तो म्हणजे? तूच ना रे? थंडी सरत आली तेव्हापासून. रोज जेवण झालं की."

"माझा आवाज वाटला तुला तो?"

"त्या डबीतून सगळ्यांचाच आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा येतो. तुझाही तसाच यायचा. आणि मला आई म्हणाला. मला आई म्हणणारा दुसरा कोण असणार?" तिनं हात पांघरुणाखाली घेतले. "मला वाटलं, सुधारलास. समोर असतोस तेव्हा तुझं डोकं फोनात. त्यातून मात्र किती नीट ऐकून घ्यायचास."

"काय काय सांगितलंस त्याला?"

आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "विचारू नकोस."

त्याचा फोन गेल्यावर धाकटी कामावरून तशीच निघून आली. पडलेला कॅमेरा, उखडलेली भिंत, आईचा चेहरा, तिला काही सांगावं लागलं नाही. कॅमेऱ्यात कुणी कधी कुठून शिरलं याची नोंद तिनं लॅपटॉपवर उघडली. पडद्यावर ओळींमागून ओळी आल्या, रोज दुपारच्या. सगळ्या दादाच्याच पासवर्डनं.

"फोडलं वगैरे काही नाही त्यानं," ती म्हणाली. "सरळ दारातून आलाय. हाच पासवर्ड तू आणखी कुठे वापरलास?"

"एका खरेदीच्या साइटवर. जुनी गोष्ट आहे. ती साइट बंदही पडली."

"बंद पडली, पण आधी लुटली गेली असणार." मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि आईचा हात हातात घेतला. "आई, त्यानं तुला काही विचारलं का गं? नावं, गावं?"

"गप्पा मारायचा नुसत्या. म्हणायचा, आई, लहानपणचं विसरायला होतं मला. माझ्या पहिल्या शाळेचं नाव काय होतं? आपल्या त्या लंगड्या कुत्र्याला काय म्हणायचो आपण? मी हसले होते. म्हटलं, कुत्र्याचं नाव विसरलास? त्याच्यासाठी दोन दिवस जेवला नव्हतास."

धाकटीनं आईचा हात हळूच खाली ठेवला. "दादा, तुझ्या ईमेलचा पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला ते काय विचारतं?"

कालपासून फोन ईमेलचा पासवर्ड पुन्हा पुन्हा मागत होता. बघू सावकाश, म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. आता फोन काढून त्यानं पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा.

"त्या मेलमध्ये काय आहे?" बहिणीनं विचारलं.

तो उभा होता तो खाली बसला. सगळ्या गिऱ्हाइकांत एकाच बाईनं स्वतःचा वेगळा, लांबलचक पासवर्ड करून घेतला होता. तो आपल्याला आठवणार नाही, म्हणून त्यानं स्वतःलाच मेल करून ठेवला होता.

"पाळणाघर," तो म्हणाला.

फोनवर हे सांगता येणार नव्हतं. स्कूटर त्यानं कशी चालवली ते त्याला नंतर आठवलं नाही. पाळणाघरात मुलांची झोपायची वेळ होती. पडदे ओढलेले, छोट्या छोट्या गाद्या, कुणाचा अंगठा तोंडात, कुणाचा मोजा अर्धा निघालेला. पाळणाघरवाल्या बाई ओठांवर बोट ठेवून बाहेर आल्या.

"कॅमेरे बंद करा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"का?"

त्यानं सांगितलं. अडखळत, उलटसुलट, पण सगळं सांगितलं. बाई ओरडतील असं त्याला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. सरळ मेन स्विचकडे गेल्या आणि अख्ख्या घराची वीज बंद केली. पंखे मंदावत मंदावत थांबले. अंधारात एक मूल कुरकुरलं.

"कालपासून कपडे बदलायच्या खोलीबाहेरचा कॅमेरा पोरांच्या मागे मागे फिरतोय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खालचा. "पोरं त्याला टाटा करत होती. मला वाटलं, तुम्ही तिकडून काही दुरुस्ती करताय."

त्या कॅमेऱ्याचा दिवा विझलाय ना, ते त्यानं जाऊन बघितलं.

"पालकांना कोण सांगणार?" बाईंनी विचारलं.

"मी फोन करतो सगळ्यांना."

"फोन नाही. इथे फाटकाशी उभं राहायचं. एकेक जण मूल न्यायला येईल. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून सांगायचं."

तो उभा राहिला. एका बापानं त्याची कॉलर धरली, दोन हिसडे दिले आणि मग पोर बघतंय हे लक्षात येऊन सोडली. एक आई पायरीवरच बसली. "त्या खोलीच्या दारातून आतलं दिसतं का?" एवढंच तिनं विचारलं. "दार उघडं असलं तर दिसतं," तो म्हणाला. खोटं बोलता आलं असतं. ती पोरीला उराशी घट्ट धरून किती तरी वेळ उठलीच नाही. नातवाला न्यायला आलेले एक आजोबा सगळं ऐकून निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले.

"आमच्या घरात पण तुम्हीच लावलाय ना हो?"

"हो," तो म्हणाला. "घरी पोचलात की आधी त्याची वायर काढा."

पोलिसांच्या सायबर विभागात एक अधिकारी बाई होत्या. बहिणीनं मेल आणि कॅमेऱ्यांचं खातं दोन्ही परत ताब्यात आणलं तेव्हा कळलं, की आईच्या खोलीतलं सगळं बोलणं कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर साठत गेलं होतं. उघडं, कुलूप नसलेलं. बोट लावलं की वाजेल असं.

"हे आम्हाला लागेल," अधिकारी बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही ऐकून घेतलंत तर बरं."

घरी दोघांनी हे आईला सांगितलं.

"पोलिसांना ऐकू दे," आई म्हणाली. "ते परके आहेत. तुम्ही दोघांनी ऐकायचं नाही. शपथ घ्या."

दोघांनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर सगळं भरताना तो दुकानात एकटाच होता. ओळी समोर होत्या, प्रत्येकीपुढे एक छोटा त्रिकोण, दाबायचाच अवकाश. आई त्याच्या बापाबद्दल काय बोलली, त्याच्याबद्दल काय बोलली, सगळं तिथे होतं. कुठला तरी परका माणूस ते ऐकून बसला होता. त्यानं खुर्ची मागे सरकवली, हात मांडीखाली घेतले आणि भरून होईपर्यंत तसाच बसला.

माणूस सापडला नाही. कुणीतरी कुठेतरी भाड्यानं घेतलेलं मशीन, त्याच्या पलीकडे धागा तुटत होता. पाळणाघराची चित्रं कुठे बाहेर आल्याचंही अजून तरी आढळलं नव्हतं. "अजून तरी," अधिकारी बाईंनी दोनदा म्हटलं. मग फाइल मिटताना जरा थांबल्या.

"एक गोष्ट मला कळली नाही. शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव, त्याला हवं ते सगळं अगदी सुरुवातीलाच मिळालं होतं. वापरलं मात्र आत्ता. मधले इतके दिवस त्यानं कामाचं काहीच विचारलेलं नाही. नुसता ऐकायला येत होता."

हे त्यानं आईला सांगितलं नाही. बहिणीलाही नाही.

मग तो घरोघर फिरला. प्रत्येकाकडे बसून वेगळा पासवर्ड करायला लावला आणि तो टाकताना तोंड फिरवून उभा राहिला. दर वेळी फोनवर येणारा आकडा मागितल्याशिवाय कॅमेरा उघडणार नाही असं केलं, एन्क्रिप्शन चालू केलं. बेकरीवाला म्हणाला, "चित्र अडखळतंय हो." "अडखळू दे," तो म्हणाला. काहींनी कॅमेरे उतरवून, वायरी गुंडाळून, न बोलता काउंटरवर आणून ठेवले. पाळणाघरवाल्या बाईंनी तर कॅमेऱ्यांच्या जागी बाहेर बसायला एक बाक टाकला, कुठल्याही पालकानं कधीही येऊन बसावं.

आई मात्र बोलायची बंद झाली. पाणी दे, खिडकी लाव, एवढंच. तो आता दुपारी जेवायला घरी यायचा, फोन स्वयंपाकघरात ठेवायचा आणि तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचा. ती खिडकीतून बाहेर बघत राहायची, तो तिच्याकडे.

एका दुपारी तिनं एकदम मान वळवली.

"तुझ्या जन्माच्या आधी," ती म्हणाली, "मी एकदा घर सोडून निघाले होते. पिशवी भरून स्टेशनापर्यंत गेले होते."

तो पुढे सरकला. ती थांबली. कपाळाला आठी घालून आठवत राहिली.

"हे तुला सांगितलंय का रे मी," तिनं विचारलं, "की त्याला?"

"मला नाही," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली, आवाज ओळखू यावा म्हणून बघावं तशी.

"परत बोल," ती म्हणाली.