अकरा मिलिमीटर

पेन्सिल कपाळावरून उतरत नाकाखाली आली आणि थांबली. भिंतीवरच्या पांढऱ्या कागदावर पडलेल्या सावलीला कड अशी एक नव्हतीच; काळोख आणि उजेड यांच्यामध्ये तीन मिलिमीटरचा धुरकट पट्टा होता. दिवा मागे नेला असता तर तो अरुंद झाला असता. पण चित्रकलेच्या बाईंनी चौथीच्या एकवीस मुलांना याच अंतरावर बसवलं होतं, आणि एकवीस वेळा पेन्सिल पट्ट्याच्या बरोबर मधून नेली होती.

बाविसावी त्यांची स्वतःची मुलगी होती.

"बाई, मान अवघडली," ती स्टुलावरून म्हणाली. शाळेत आईला बाईच म्हणायचं, हे पहिलीतच ठरलेलं.

"झालंच. हलू नकोस."

ओठांखाली सावली एकदम आत वळून जवळजवळ सरळ गळ्याला मिळत होती. बाईंनी पेन्सिल पट्ट्याच्या बाहेरच्या काठावर नेली. मग काठाच्याही बाहेर, एक छोटी गोलाई घेऊन गळ्याशी आणली.

मुलीचा खालचा जबडा जन्मापासून लहान होता. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच ऑपरेशन सुचवलं होतं. दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालं तर उत्तम, पण मुलीची तयारी हवी. विषय निघाला की मुलगी ताटावरून उठून जायची. आई दर वेळी तेच सांगायची, "तू आहेस तशीच छान आहेस. ठरवायचं ते तू ठरव." पुढच्या महिन्यात तिला दहा वर्षं पूर्ण होणार होती.

आखलेला कागद काळ्या कागदावर ठेवून दोन्ही एकदम कापायचे होते. मुलगी जीभ दातांत धरून रेषेवरून इमानाने कात्री चालवत राहिली. मागच्या आठवड्यात सगळ्यांनी बीट आणि कांद्याच्या सालींच्या पाण्यात कागद बुडवून रंगवले होते. वाळल्यावर ते सुरकुतले होते. कुठे गुलाबी, कुठे विटकरी. त्यांवर काळे चेहरे चिकटवून झाल्यावर बाईंनी ते दोरीला चिमट्यांनी टांगले. पुढे आकडा, तोही क्रम बदलून; नाव मागे. ओळखायचा खेळ होता, आणि ज्याचं चित्र त्याने गप्प बसायचं होतं.

"सात नंबर ढोल्या! तो कोंबडा बघ ना केसांचा!"

"तीन नंबर टिल्ली!"

"चोच कुठाय रे? चोचीला तर मी डोळे मिटून ओळखीन," मागच्या बाकावरून आवाज आला.

वर्ग हसला. बाईंनी हे नाव याआधी व्हरांड्यात ऐकलं होतं. ते कोणाचं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी पंधरा नंबर उरला.

"ही कोण?"

"ही आपल्या वर्गातली नाहीच. बाई, तुम्ही मुद्दाम बाहेरची लावलीत ना?"

"भारी दिसते पण," टिल्ली म्हणाली. "मोठी झाली की सिनेमात जाईल."

मुलगी आपल्या जागेवर बसून होती. तिचे कान लाल झाले. हनुवटीवर कायम असायचा तो हात तिने काढून हळूच मांडीवर ठेवला.

मॉनिटर बोटांवर मोजत होती. "एकवीस झाले. आता राहिली फक्त..." ती वळली. सगळेच वळले.

"चोच? हॅ! ही चोच?"

"बाई, हे चीटिंग आहे! मग माझं पण नाक लहान करा!"

"आईच आहे ना तिची. वशिला!"

"बाईंनी हनुवटी उसनी दिलीय हिला! संध्याकाळी परत करायची बरं का, चोचे!"

"गप्प बसा!" बाईंचा आवाज चिरकला. "सावली आहे ती. दिव्याच्या अंतराने कमीजास्त होते."

"मग आमची का नाही झाली?" पुढच्या बाकावरच्या चष्मिशने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाई फळा पुसायला वळल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

घंटा झाली आणि वर्ग रिकामा झाला. मुलीने पंधरा नंबरचं चित्र चिमट्यातून काढलं, काळा चेहरा कडेने सावकाश सोडवला आणि स्टूल पुन्हा जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर ठेवून बसली.

"दिवा लाव."

"अगं, दमलीस तू. घरी जाऊ या."

"लाव ना."

बाईंनी दिवा लावला.

"हे धर सावलीवर. कपाळाला कपाळ, नाकाला नाक."

बाईंनी धरलं. कपाळ जुळलं, नाक जुळलं, वरचा ओठ जुळला. त्याखाली काळा कागद सावलीच्या बाहेर आला.

"किती जास्त आहे?"

"थोडंसं."

"पट्टीने सांग."

बाईंनी पट्टी लावली. चार म्हणता आलं असतं, पाच म्हणता आलं असतं. मुलगी भिंतीकडे बाजू करून, हात गुडघ्यांवर ठेवून निश्चल बसली होती.

"अकरा मिलिमीटर."

"अकरा," मुलगी म्हणाली.

"चुकून गेला गं हात."

"बाकीच्यांच्या वेळी नाही गेला."

खाली मैदानात कोणीतरी शिट्टी वाजवली. बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. वर्षभर न बोललेलं उघड झाल्यामुळे आत कुठेतरी जे हलकं वाटू लागलं होतं, ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्या दिव्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर म्हणाले होते, जबड्याला लावलेला स्क्रू फिरवला की हाड रोज एक मिलिमीटर सरकतं," मुलगी समोर बघतच म्हणाली. "म्हणजे अकरा दिवस."

"तसं नसतं ते, बाळा. आधी हाड कापावं लागतं, नंतर ते भरून यायला..."

"माहितीये मला."

तिने मान वळवली.

"त्यांना फोन कर. करायचं ऑपरेशन."