साखराबाईची मूठ

साखराबाईची उजवी मूठ चौदा महिने मिटलेली होती. गाढ झोपेत मात्र ती आपोआप उघडत असे. तेवढ्यात नवरा धुळाजी तिची नखे कापून घेई, नाहीतर ती तळव्यात रुतत.

फसली सन १३२५च्या, म्हणजे इ.स. १९१६च्या उन्हाळ्यात तो तिला गेवराईला, डॉक्टर विठ्ठलरावांच्या दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी हाडे, सांधे, शिरा तपासल्या. दोष कुठेच नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी गोदावरीतून मेंढरे उतरवताना अवकाळी पावसाने पाणी वाढले आणि चार वर्षांची तारा आईच्या हातून गेली, एवढे धुळाजीने सांगितले.

"बोटं उघडली माझी. मला कळलं ते," साखराबाई म्हणाली.

विठ्ठलरावांनी संमोहनाचा उपाय सुचवला.

"म्हंजी मोहिनीच," धुळाजी म्हणाला. "मंग ही तुमच्याच हुकमात ऱ्हाईल की."

"घरात माझी बायको माझं ऐकत नाही. ही कशाला ऐकेल?"

साखराबाई पदराआड किंचित हसली. धुळाजी तिच्याकडे पाहत राहिला.

"हिच्या डोक्यातून तारी पुसून टाका, साहेब. हिला लोकर कातता येईना. भाऊबंद म्हणतेत, माहेरी धाड अन् दुसरी कर."

"पुसता काही येत नाही. आणि ही झोपही नव्हे. डोळे मिटलेले असतील, पण ती जागी असेल. सगळं ऐकेल."

धुळाजीने मान हलवली. पटले मात्र नव्हते.

पहिल्या तीन बैठकींत काही घडले नाही. चौथ्या दिवशी साखराबाईचे डोळे मिटले, श्वास संथ झाला. मूठ तशीच होती. विठ्ठलराव टिपण लिहायला मेजाकडे वळले. धुळाजी रोजच्या सवयीने बाजेशी बसला आणि त्याने तिची मूठ हातात घेतली.

"झोपलीस न्हवं?" तो हळू म्हणाला. "तू न्हाई सोडलंस तारीला. धार लई होती. तुला शुद्ध न्हवती, तरी मूठ ढिली करंनास. मीच तुझी बोटं उलगडली, येकयेक करून. न्हाईतर दोघीबी गेल्या असत्या. लोकं तुला बोलली अन् मी गप बसलो."

त्याच्या हातात मूठ सैल झाली. मग पूर्ण उघडली. डोळे न उघडताच साखराबाई म्हणाली,

"कावून सांगितलं न्हाई तुमी?"

तिने हात त्याच्या हातातून काढून घेतला, उठून बसली, दोन्ही हातांनी पदर सारखा केला आणि एकटीच बाहेर गेली.

विठ्ठलरावांनी टिपण पुरे केले: 'मूठ उघडली. याचे श्रेय संमोहनाकडे जात नाही. रुग्ण जागी होती. नवऱ्याने तिला झोपलेली समजून खरे सांगितले. बोटे उघडल्याचे तिला आठवत होते. ती कोणी उघडली, हे ठाऊक नव्हते. म्हणून आपणच हात सोडला असे समजून तिने मूठ मिटून धरली होती. पाण्यात तिने मुलीचा हात सोडला नव्हता.'