पांढऱ्या रंगाची वाटी

अडीच वर्षांची अक्षरा चित्रकलेच्या वर्गात बसण्याजोगी झाली का, हे बघायला तिची आई मंजुश्री तिला लातूरच्या पूनमताईंकडे घेऊन गेली. ताई वय विचारत नसत. मूल आपल्या पुढ्यातला रंग दुसऱ्याला देतं का, एवढंच बघत. मंजुश्रीला त्याचीच धास्ती होती. घरी अक्षरा आपला खडू कुणाला शिवूही देत नसे.

अक्षराने कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पांढऱ्या रंगात तीन बोटं बुडवून तिने शेजारच्या पोराच्या कपाळावर आडवे पट्टे ओढले. तिचे आजोबा धोंडप्पा रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाला विभूती लावत, अगदी तस्सेच. पोरं खुशीत कपाळं पुढे करून रांगेत उभी राहिली.

"अगं, थांब की!" मंजुश्री ओरडली. "मॅडम, माफ करा. अजून तयार न्हाई ही. पुढच्या वर्षी आणते."

"कशाला? वाटीभर रंग वाटला की पोरीनं! उद्यापासून पाठवा."

तेवढ्यात अक्षरा ताईंसमोर येऊन तीन बोटं उगारून उभी राहिली. ताईंनी चष्मा काढला आणि त्या मुकाट्याने खाली वाकल्या.