दोन बोटं माया

"श्वास सोडा, सूनबाई. पोट आत ओढू नका," माझी बायको म्हणाली. पाठीवरचे वरचे पाच हुक लागले होते. कमरेचे तीन काही केल्या लागत नव्हते.

पडद्यापलीकडे सभागृह भरलं होतं. लढाईतल्या जखमींच्या इस्पितळाला निधी जमवायला बड्या घरच्या बारा बायका आमच्या दुकानाचे गाऊन घालून लोकांसमोर चालणार होत्या. शेवटचा, मोतिया रेशमाचा, निधी समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या सुनेचा. तिचा नवरा आघाडीवर होता, म्हणून हा मान तिचा.

मी त्या दुकानात इस्त्री करायचो, बायको शिवायची. बायकांच्या कपडे बदलायच्या जागेला चादर बांधली होती. चादरीच्या अलीकडे मी टेबल मांडून उभा होतो. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

"सगळ्यांना रेशन, सूनबाईंच्या ताटाला तेवढी सूट दिसतेय!" कुणीतरी म्हणालं. बाकीच्या हसल्या आणि आपापले गाऊन सावरत पडद्याकडे गेल्या.

मग बायकोचा आवाज आला, अगदी हळू. "कितवा?"

"चौथा लागलाय."

"घरी माहीत आहे?"

"कुणालाच नाही. यांना पत्र टाकलंय. आधी यांना कळू दे ना हो."



इथे एक सांगायला हवं. दुकानात तिला टेपबाई म्हणायचे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ती नुसतं बघून कमर सांगायची आणि अर्ध्या इंचाने चुकायची नाही. आमचे मास्तर नव्या गिऱ्हाइकांना ही गंमत मुद्दाम करून दाखवायचे. ती खाली मान घालून टाचण्या वेचायची. पण त्या दिवशी घरी येताना तिची चाल वेगळी असायची. ते मला कळायचं.

"काय खोळंबा आहे?" अध्यक्षीणबाई आत आल्या. मागोमाग मास्तर आले, ते चादरीबाहेरच थांबले.

"माप चुकलं," बायको म्हणाली.

"कुणाचं चुकलं?"

"माझंच. सव्वीस लिहायचं तिथं चोवीस लिहिलं."

"टेपबाई, तुमचं माप?" मास्तरांना खरंच वाटेना. "बारांतलं नेमकं हेच?"

"एवढं नावाजलेलं दुकान," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आणि साधी कमर मोजता येत नाही? आता सगळ्यांसमोर शोभा!"

"आठवा गाऊन चाललाय," बायको म्हणाली. "बाराव्यापर्यंत करून देते. तुम्ही बाहेर थांबा." मग मला हाक. "अहो, इस्त्री तापलीय ना? व्हिनेगर काढा."

शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. लढाईमुळे रेशीम मिळत नव्हतं. मास्तरांचा हुकूम होता, माया अर्धं बोट, त्याहून जास्त नाही. बायकोने दोन बोटं सोडली होती. त्यावरून दोघांचं वाजलंही होतं. "रेशीम काय शिवणीत पुरताय?" असं ते ओरडले होते. ती म्हणाली होती, "मास्तर, माणूस आहे, कमी-जास्त व्हायचंच."

तिने दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि गाऊन चादरीखालून माझ्याकडे सरकवला. उसवलेल्या टाक्यांची रेघ रेशमावर राहते. पाण्यात व्हिनेगर घालून ओलं फडकं ठेवलं आणि वरून इस्त्री नुसती टेकवत गेलो. दाबली असती तर चकाकी आली असती. रेघ गेली. मग तिने हाताने बारीक टीप घातली. दोऱ्याला गाठ मारली तेव्हा अकरावी बाई बाहेर निघाली होती.

सूनबाई माझ्यासमोरून गेल्या. मी फक्त पाठ पाहिली. आठही हुक लागले होते. मग टाळ्या ऐकल्या. चादरीआत डोकावलो, तर बायको जमिनीवर बसून दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती.

घरी जाताना मी चिडलो होतो. "कशाला आपलं नाव घालवलंस?"

"तिचं पत्र अजून वाटेतच असेल हो," ती म्हणाली.

मास्तरांनी ती गंमत पुन्हा कुणाला दाखवली नाही. उलट गिऱ्हाइकादेखत म्हणायचे, "टेपबाई, दोनदा मोजा." ती दोनदा मोजायची. दुसऱ्यांदाही आकडा तोच यायचा. एकोणीस वर्षं ती तशी मोजत राहिली.

त्या कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी सूनबाई दुकानात आल्या होत्या. नवऱ्याचं उत्तर आलं होतं, आता सगळ्या घराला माहीत होतं. त्यांनी बायकोला बाजूला घेतलं. "मास्तरांना खरं सांगून टाकू?"

"नको हो," बायको हसली. "दोनदा मोजण्यावर आता हात बसलाय."

मी तिच्या जागी असतो तर सांगू दिलं असतं. अजूनही मला तसंच वाटतं.

तिला जाऊन सात महिने झाले. मी वाळलोय. तिने शिवलेला कोट अंगावर लोंबायला लागला, तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. त्याने अस्तर उसवून आत बघितलं.

"अरे बापरे, केवढी माया सोडलीय! कापून टाकू का? कोट हलका होईल."

"कापू नका. आतच राहू द्या."

त्याने माझी कमर मोजली, आकडा लिहिला आणि टेप गुंडाळायला लागला.

"अजून एकदा मोजा," मी म्हटलं.