टाकीचं टोपण

जयवंताबाई ऑटोतून उतरली आणि मागं ठेवलेलं गवत कापायचं मशीन तिनं स्वतःच ओढत माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या फरशीवर आणलं. चार चाकांचं, पेट्रोलवर चालणारं, गावातल्या तेलुगू माध्यमाच्या निवासी शाळेचं मशीन. तिचा नवरा डोमाजी त्या शाळेत माळी होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे मशीन काही केल्या सुरू होईना, म्हणून तो विळा घेऊन मैदानाच्या कडेच्या गवतात शिरला, आणि सापानं त्याच्या मनगटाला धरलं. दवाखान्याच्या वाटेवरच गेला. त्याला आता सव्वा महिना झाला होता.

हेडमास्तरांनी कागदावर लिहिलं होतं की माळ्यानं मशीनची निगा ठेवली नाही, कामात हयगय केली. मुलगी त्याच शाळेत नववीत. पोरी तिला ऐकवायच्या, तुझा बाप आळसानं मेला. म्हणून जयवंताबाईनं एका दिवसाच्या बोलीवर मशीन मागून आणलं होतं.

"चालू नाई झालं तरी चालन, पंढरीभाऊ," ती म्हणाली. "पण काऊन बंद पडलं ते सांगा. त्याईची चूक असन तर तसं सांगा. खरं सांगा."

मी मांडी घालून बसलो. दोरी चारदा ओढली, इंजिन नुसतं खोकलं. प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवला आणि पुन्हा ओढली. ठिणगी निळी पडली, म्हणजे करंट होता. हवेच्या फिल्टरचा स्पंज धुतलेला. ऑइल मापात. पात्याला ताजी धार. हयगय करणाऱ्याचं मशीन असं नसतं, हे मी तिला तिथंच सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग आपणहून बोलायला लागली, की दसऱ्याला त्यानं मशीन घरी आणलं होतं, घासूनपुसून उभं केलं होतं, आणि पूजा तिनंच केली होती. हळदकुंकू, अक्षता, आणि नारळ मशीनवरच फोडला होता, त्याच्या हातापायाला काही होऊ नये म्हणून.

उरलं पेट्रोल. टाकीच्या तोंडाला टोपणाऐवजी सुतळीनं बांधलेली फाटकी चिंधी होती, आणि ती पाहून माझा हात थांबला.

ती चिंधी मीच सांगितली होती. नवरात्रात डोमाजी फुटलेलं टोपण घेऊन आला, तेव्हा मी दुकान बंद करत होतो. गावात नांदेडकडचे बुवा आले होते, नऊ दिवस कीर्तन होतं, आणि टाळकऱ्यांत मी पहिला. त्याला म्हटलं, दसरा होऊ दे, तवर चिंधी बांध. तो हसला. म्हणाला, "तुह्या देवाले टाळ पाह्यजे, माह्या मशीनले टोपण. जाय बाबा, देव मोठा." नवं टोपण तेव्हाही माझ्या खणातच पडलेलं होतं.

मी कार्बोरेटरची वाटी सोडली, टाकी रिकामी केली आणि सगळं एका काचेच्या बरणीत धरलं. जरा वेळानं पेट्रोल वर राहिलं आणि खाली दोन बोटं गढूळ पाणी बसलं. तळाला लाल गाळ, फुगलेले तीन तांदूळ. पेट्रोलच्या वासातूनही आंबलेल्या नारळाचा वास येत होता.

बुवा म्हणाले होते, खोटं बोलणाऱ्याच्या हातातला टाळ देवाला ऐकू जात नाही. मी बरणी पाठीमागं सरकवली.

"पंपावरच्या पेट्रोलातच पाणी होतं, वैनी. डोमाजीची काही चूक नाही."

ती बराच वेळ रडली. मी कार्बोरेटर धुतला, वाटी पुसली, नवं पेट्रोल भरलं. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. ते बंद केलं आणि खणातून टोपण घ्यायला उठलो. वळून पाहतो तो तिनं पिशवीतून नारळ काढलेला, देवाचं नाव घेऊन मशीनवर धरलेला, दुसऱ्या हातात माझीच हातोडी. टाकीचं तोंड उघडं.

मी धावत जाऊन टाकीवर तळहात दाबला.

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मग नारळाकडं. मग वाकून पाठीमागची बरणी उचलली आणि नाकाशी नेली.

"पंपावरचं व्हय?" ती म्हणाली.

"टोपण माझ्याकडं होतं, वैनी. नवरात्रातच होतं. मी कीर्तनाला गेलो."

तिनं नारळ फरशीवर ठेवला. डोळे कोरडे झाले होते. हेडमास्तरांना काय ते लिहून द्या म्हणाली. हेडमास्तर तेलुगू, म्हणून मी तेलुगूतच लिहिलं, की मशीनची निगा चोख होती, टोपण देणं माझं काम होतं, मी दिलं नाही, त्यामुळं टाकीत पाणी गेलं. तिला तेलुगू अक्षर येत नाही. वाचून दाखवा म्हणाली. मी मराठीत वाचून दाखवलं.

"नारळाचं नाई आलं त्यात."

"त्याची गरज नाही, वैनी."

"लिवा."

मी लिहिलं. नारळ तिनं फोडला, तिच्या हातानं, दसऱ्याला, त्याचंच पाणी टाकीत गेलं. खाली सही केली. आता हेही वाचून दाखवू का, असं विचारलं, तर तिनं कागदाची घडी घालून कमरेला खोचली.

"पोरगी वाचन," ती म्हणाली. "तिले येते तेलुगू."