खिशातली वानगी

“परत,” काका म्हणाले.

काजू विकायला आलेली डबेवाली झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. काका नुसते डब्यावर वाकले होते आणि सरळ झाले होते. तिने डबा जरा पुढे सरकवला.

“काका, पुन्हा एकदा बघा ना. परवाच सोललेत. मी आणि जाऊ, दोघी बसलो होतो.”

“परत म्हटलं ना, बाई.”

त्यांनी डब्यातले मूठभर काजू उचलून सदऱ्याच्या खिशात टाकले. माल ठेवला काय किंवा परत केला काय, वानगी खिशात टाकायची ही त्यांची जुनी सवय होती. डबेवालीने झाकण लावलं, बाकीचे डबे सायकलवर पुन्हा बांधले आणि ती मागच्या गल्लीतून निघून गेली. जाताना तिने एक काजू नाकाशी धरला होता, हे काकांनी पाहिलं.

हा कारखाना मिठाईचा. कारखाना म्हणायचं, पण दुकानामागच्या दोन खोल्याच. एका खोलीत भट्ट्या, दुसरीत दळायचं यंत्र आणि लांबलचक टेबल. इथली काजूची वडी, साखरेत घोळलेले काजू आणि मिरी लावलेले खारे काजू घ्यायला लोक लांबून येत. काजू तेवढा खवट निघता कामा नये. एक खवट काजू दळणात गेला की अख्खी परात हातची जाते. वेलदोडा घाला नाहीतर केशर घाला, वडी जिभेवर बसली की जुन्या तेलाचा वास यायचा तो येतोच.

म्हणून मागच्या दाराशी एक उंच स्टूल होतं आणि त्या स्टुलावर काका. तरुणपणी ते भट्टीवर साखर ढवळायला होते. एकदा थोरले मालक दळण टाकत असताना खोलीच्या पार दुसऱ्या टोकाहून हे ओरडले, “त्यात खवट आहे!” थोरल्या मालकांनी शोधलं तर खरंच निघाला. दुसऱ्या दिवसापासून काका भट्टीवरून उठले ते स्टुलावर बसले. डबा उघडायचा, वाकायचं आणि ‘चालेल’ नाहीतर ‘परत’ म्हणायचं. या दोन शब्दांवर माणसाने संसार केला, मुलींची लग्नं केली, घराला वरचा मजला चढवला.

बाजारात त्यांना ‘नाक’ म्हणत. “नाक आलं का?” “नाक आज रजेवर.” समोर मात्र सगळे काका म्हणत आणि माल विकायला येणारे भलेभले त्यांच्यापुढे नाक मुठीत धरून उभे राहत. थोरल्या मालकांनी एक नियमही करून ठेवला होता: नाकाने नाही म्हटलं की जिभेला विचारायचं नाही. त्यामागे काही शास्त्र नव्हतं. पूर्वी माल नाकारला की विकणारा म्हणे, “खाऊन तर बघा.” मग भट्टीवाला एक खाई, दुकानातला एक खाई, हिशेबनीस दोन खाई आणि निकाल लागेपर्यंत डबा निम्मा होई. नियम झाल्यापासून काजू वाचले. थोरले मालक गेले, धाकटे आले, नियम राहिला.

आता खरी गोष्ट अशी, की थंडीतल्या तापापासून काकांना कसलाच वास येत नव्हता. हे त्यांना कळलं ते घरी. शेगडीवर दूध करपून धूर झाला, बायको अंगणातून धावत आली, तर हे शेगडीशेजारीच वर्तमानपत्र वाचत बसलेले. आधी त्यांना वाटलं सर्दी असेल. वाफारे घेतले, नाकात थेंब घातले. सर्दी गेली, वास आला नाही. बायकोशिवाय कुणालाही त्यांनी हे सांगितलं नाही. सांगायची भीती वाटत होती. नाक गेल्यावर आपलं उरतं काय, तर एक स्टूल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरीही इतके दिवस निभावलं ते मावशींमुळे. मावशी दळणाच्या यंत्रावर, स्टुलापासून हातभर अंतरावर. डबा उघडला की वास त्यांच्यापर्यंतही जायचा. माल वाईट असला की मावशींचं तोंड वाकडं व्हायचं, चांगला असला की त्या आपल्या कामात. काका डब्यावर वाकत आणि खालून हळूच मावशींच्या तोंडाकडे बघत. नाक काकांचं, तोंड मावशींचं. बाजाराला काय कळतंय.

पण आज मावशी एक दिवसाची रजा घेऊन दवाखान्यात लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. काकांपुढे नुसता डबा होता. काजू जरासे पिवळट दिसले. जुना माल पिवळा पडतो. खवट माल घेतला तर सगळ्यांदेखत नाक कापलं जाईल. चांगला माल परत गेला तर आपल्या कारखान्याचं काय बिघडणार? म्हणून ते ‘परत’ म्हणाले.

संध्याकाळी धाकटे मालक खुशीत आत आले.

“काका, मानलं तुम्हाला. ती बाई पुढे दोन दुकानांत गेली होती. कुणी झाकणसुद्धा उघडू दिलं नाही. म्हणाले, नाकाने परत केलेला माल आम्ही कसा घेऊ?”

काका चहा पीत होते. त्यांनी मान हलवली आणि उरलेला चहा मोरीत ओतला.

घरी आल्यावर बायकोने सदरा धुवायला घेतला आणि सवयीने खिसा उलटा केला. काजू निघाले. तिने दोन तोंडात टाकले.

“अगं, थुंक ते,” काका म्हणाले. “खवट आहेत.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणालो. परत केलेत सकाळी.”

बायको चावत राहिली. मग तिने आणखी एक उचलला, मोडून बघितला आणि सावकाश खाल्ला.

“अहो,” ती म्हणाली, “चुलीच्या उबेवर वाळवलेत. आमची आई पावसाळी हवेत असंच करायची. थोडे पिवळे दिसतात, बाकी ताजे आहेत.”

उरलेले काजू तिने कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवले आणि ती सदरा धुवायला निघून गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

सकाळी ते कारखान्यात न जाता डबेवालीचं घर विचारत निघाले. घर वस्तीच्या टोकाला होतं. अंगणात जुनी चादर पसरलेली, तिच्यावर कालचे सगळे काजू ओतलेले. डबेवाली आणि तिची जाऊ समोरासमोर बसून एकेक काजू हुंगत होत्या आणि काही बाजूला टाकत होत्या. बाजूच्या ढिगाऱ्यावर दोन कोंबड्या चोची मारत होत्या.

काकांना बघून डबेवाली घाईने उठली. “या काका. बसा. बघा ना, निवडायलाच घेतलेत. चुकलंच आमचं.”

“काय चुकलं?”

“वास आहे थोडा. काल नव्हता येत, पण तुम्ही सांगितल्यावर घरी येऊन नीट घेतला, तर येतोय.”

“मला तर नाही बाई येत,” जाऊ म्हणाली.

“तुला काय कळतंय? काकांना कळतं का तुला?”

काकांनी चादरीवरचा एक काजू उचलून तिच्यापुढे धरला. “खाऊन बघा.”

तिने खाल्ला. डोळे मिटून, परीक्षेला बसल्यासारखा. मग तिचा चेहरा पडला. “खवटच लागतो हो. कसा काय खवटला, तेरवा तर सोलला…”

काकांना वाटलं होतं, माल चांगला आहे एवढं सांगायचं, सायकलवर डबे चढवायचे आणि मोकळं व्हायचं. कालच्या गडबडीत चूक झाली म्हणायचं. पण ही बाई आता स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. आपण हिचा माल परत केला, आणि हिची जीभही काढून घेतली, हे त्यांना त्या अंगणात उभं राहून लख्ख दिसलं आणि फार लाज वाटली.

“बाई, मला वास येत नाही,” ते म्हणाले.

“अं?”

“थंडीपासून. कसलाच येत नाही. काल मी नुसता वाकलो होतो. रंग बघून परत म्हटलं.”

जाऊ हातातला काजू तसाच धरून बघत राहिली. डबेवालीने आधी कोंबड्यांना हुसकलं. मग विचारलं, “आणि थंडीपासून आजपर्यंत आमचा माल घेत होतात तो?”

“मावशींच्या तोंडाकडे बघून.”

जावेला हसू फुटलं. डबेवालीला नाही.

“रात्रभर आम्ही दोघी भांडलो,” ती म्हणाली. “मी हिला म्हटलं, तूच दमट जागेत ठेवलेस. ही रडली. आणि तुम्ही रंग बघितलात!”

“चुकलं माझं.”

“मला एकटीला सांगून काय उपयोग? बाजारात नाव गेलंय माझ्या डब्यांचं. तिथे सांगा.”

काका खाली बसले आणि दोघींबरोबर काजू डब्यांत भरू लागले.

बाजारातून जाताना पुढे काका खांद्यावर डबा घेऊन आणि मागे सायकल ढकलत डबेवाली, असं दृश्य लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. खांद्यावर डबा घेतलेले काका कुणाच्या कल्पनेतही नव्हते. पहिल्याच दुकानातून हाक आली, “काय काका, आज हमाली?”

काकांनी डबा फळीवर टेकवला. “काल परत केलेला माल आहे. माल चांगला आहे. माझं नाक गेलंय.”

दुकानदाराला वाटलं थट्टा आहे. “नाक आहे की जागेवर!”

“नुसतं शोभेला,” काका म्हणाले आणि डबा उचलून पुढे निघाले.

ज्या दोन दुकानांनी झाकण उघडू दिलं नव्हतं, तिथे तर ते पायरी चढून आत गेले आणि तेच बोलले. दुसऱ्या दुकानात गिऱ्हाईकं होती, तीही ऐकत होती. एकाने विचारलं, “म्हणजे आता तुमचं काम?” काकांनी डबा पुन्हा खांद्यावर घेतला. डबेवाली बाहेर सायकल धरून उभी होती. पुढच्या वळणावर ती म्हणाली, “काका, पुरे आता. द्या तो डबा इकडे.” त्यांनी दिला नाही.

कारखान्याच्या मागच्या दाराशी पोचले तेव्हा बातमी आधीच आत गेली होती. धाकटे मालक दारात उभे होते. मावशीही आल्या होत्या. लेकीला मुलगी झाली होती आणि टेबलावर बर्फीचा पुडा उघडा पडला होता.

“काका, हे खरं आहे?” मालकांनी विचारलं.

“खरं आहे.”

“मग थंडीपासून एकही डबा चुकला कसा नाही?”

काकांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी पदराला हात पुसले.

“कसा चुकेल? मी तोंड वाकडं करत होते ना,” त्या म्हणाल्या. “एरवी माल कसाही असो, मी कशाला तोंड वाकडं करू? थंडीत एकदा इथेच दुधाचं पातेलं उतू जाऊन भट्टीवर जळत होतं आणि हे स्टुलावर शांत. त्याच दिवशी कळलं मला.”

इतके दिवस आपण चोरून बघतो असं काकांना वाटत होतं आणि ही बाई समोरून दाखवत होती.

“मग मला बोलला का नाहीत?” काकांनी विचारलं.

“तुम्ही बोलला नाहीत, मग मी कशी बोलू?”

मालक घुटमळले. मनाने ते वाईट नव्हते, पण अशा वेळी काय म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते सोपं काकांनीच केलं. त्यांनी स्टूल उचललं आणि मावशींच्या यंत्राशेजारी ठेवलं.

“मला नको बाई ते,” मावशी म्हणाल्या. “माझे पाय लटकतात.”

“बसा,” काका म्हणाले. “सवय होते.”

मावशी चढून बसल्या. पाय खरंच लटकत होते. डबेवालीने पहिल्या डब्याचं झाकण उघडलं आणि इतक्या दिवसांच्या सवयीने डबा काकांपुढे धरला. मग तिच्या लक्षात आलं. तिने तो मावशींकडे वळवला. मावशी वाकल्या. भट्टीवाला ढवळायचा थांबला.

“चालेल,” मावशी म्हणाल्या.

मालकांनी डबे आत घ्यायला सांगितलं. डबेवाली डबे उचलू लागली, भट्टीवाला पुन्हा ढवळू लागला. काका यंत्रापाशी उभेच होते. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “कसा येतोय?”

जन्मभर लोकांनी त्यांना विचारलेला प्रश्न आज त्यांनी पहिल्यांदा विचारला. मावशींनी पुन्हा वाकून वास घेतला आणि जरा विचार केला.

“गोडसर. नुकत्या तापवलेल्या दुधासारखा. मागून थोडा धूर येतो, चुलीचा.”

काकांनी मान हलवली. टेबलावर अख्खे काजू आणि तुकडे वेगळे करायचं काम पडलं होतं. तिथे एक बाक रिकामा होता, त्यावर ते बसले. चष्म्यासाठी खिशात हात घातला तर हाताला सकाळी चष्म्याबरोबर उचललेली पुडी लागली. त्यांनी ती उलगडली, एक काजू तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मालकांनी पाहिलं, पण थोरल्यांच्या नियमाची आठवण न करता ते दुकानात निघून गेले. जिभेला थोडं गोड लागलं, बाकी काही लागलं नाही. काकांनी पुडी बंद करून खिशात ठेवली आणि परात पुढे ओढली.